दोनशे किलोमीटर, सहा जण आणि समोरचा वारा

शनिवार-रविवार पन्नास-साठ किलोमीटर सायकल मारणाऱ्याच्या डोक्यात कधी ना कधी २०० चा आकडा शिरतोच. बहुतेकदा तो बीआरएममुळे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड्समुळे शिरतो. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार होणाऱ्या या राइड्समध्ये २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं मिळतात, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. इथे नंबर काढत नाहीत. वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे नोंदीच्या ठरलेल्या ठिकाणी, दिलेल्या वेळेत पोचायचं, नोंद करून घ्यायची आणि मुदतीच्या आत राइड संपवायची. सपोर्ट गाडी भेटली तर फक्त कंट्रोलवर, अधेमधे नाही. एका हंगामात हे चारही टप्पे केले की ‘सुपर रँडोनर’ म्हणवून घेता येतं. पात्रतेच्या वर्षी केले तर पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसला नाव देता येतं. १८९१ मध्ये सुरू झालेली ही राइड आता दर चार वर्षांनी होते, १२०० किलोमीटरची.

ते पुढचं पुढे. आधी २०० चा हिशोब. ताशी २० ने चालवलं तर चाकं दहा तास फिरतात आणि हातात साडेतीन तास उरतात. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की लोक फक्त पायांची तयारी करतात आणि दीडशेच्या पुढे समोरून वारा लागला की ढेपाळतात. सपाटीवर ताशी तिशीच्या आसपास जाताना तुमची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. म्हणजे वेग २५ वरून ३० केला तर वेग वाढला २० टक्के, पण हवेपोटी द्यावी लागणारी ताकद ७३ टक्क्यांनी वाढली! दुसऱ्याच्या चाकामागे नीट बसलात तर यातला पाव ते तिसरा हिस्सा वाचतो. पहिली २०० एकट्याने करण्यापेक्षा पाच-सहा जणांनी मिळून करा, असं मी सांगतो ते एवढ्याचसाठी. सोबत, गप्पा, फोटो हे सगळं वरचं.

पण घोळक्यात चालवणं वेगळं शिकावं लागतं. त्याकडे येतोच.

सायकल आणि बसायची जागा

नवी सायकल घ्यायची गरज नाही. हायब्रिडवर लोक आरामात २०० करतात. रोड बाइक असेल तर घाटासाठी पुढे कॉम्पॅक्ट क्रँक, म्हणजे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या, आणि मागे ३२ किंवा ३४ दातांपर्यंतची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) असावी. दुकानातून ११ ते २५ दातांची कॅसेट लावून आलेली सायकल वाई–पाचगणीच्या पसरणी घाटात गुडघ्यांचा बळी घेते.

टायर २८ मिमीचे घ्या, फ्रेममध्ये बसत असतील तर ३२ चे. साठ-सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय हवा पुष्कळ झाली. दगडासारखा कडक टायर वेगवान असतो हा जुना समज आहे. आपल्या रस्त्यांवर तो फक्त मनगटं आणि कंबर हलवून काढतो.

सीटची उंची घरीच बघता येते. भिंतीला टेकून सायकलवर बसा, पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग नेहमीसारखा चवडा ठेवलात की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागून, शिरेपाशी ओढल्यासारखं होत असेल तर वर. एका वेळी पाच मिलिमीटरच बदला आणि दोन राइड्स थांबून बघा. २०० च्या आदल्या आठवड्यात मात्र काहीही बदलायचं नाही. सीट नाही, बूट नाही, शॉर्ट्सही नाहीत. पॅडेड शॉर्ट्सच्या आत काहीही घालू नये, हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगून टाकतो. शिवणी जिथे घासतात तिथे पेट्रोलियम जेली लावा.

सराव

आज ६० किलोमीटर सहज होत असतील तर दहा-बारा आठवडे धरा. आठवड्यात दोन छोट्या राइड्स, तासा-दीड तासाच्या, त्यातली एक चढाची. रविवारी लांबची: ६०, ७५, ९०, मग एक आठवडा हलका, १००, ११५, १३०, पुन्हा हलका. एकदा १४०-१५० झाले की पुढचे पन्नास खाण्यावर आणि डोकं शांत ठेवण्यावर निघतात. राइडच्या आधीचा आठवडा पाय मोकळे करण्यापुरता.

लांबच्या राइडचा वेग कसा ठरवायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे, मग स्ट्रावा ॲपवर कोण काय म्हणतंय ते सोडा. पेडल मिनिटाला ८० ते ९० वेळा फिरावं. जड गिअर रेटत साठ-पासष्टवर चालवणारे सुरुवातीला जोमदार दिसतात. दुपारी तेच गुडघ्याला बाम लावताना दिसतात.

घोळका: सगळ्यात आधी हे शिका

सहा जण चांगले, आठ ठीक. त्याहून जास्त असतील तर दोन गट करून मध्ये बरंच अंतर ठेवा, म्हणजे मागच्या ट्रकला आत शिरायला जागा मिळेल. गट वेगाप्रमाणे करा. मैत्रीप्रमाणे केलेला गट तीस किलोमीटरवर फुटतो. शेवटी चालवणारा स्वीप अनुभवी हवा, आणि त्याच्याकडे पंप हवाच.

हायवेवर एकेरी रांग. गप्पांसाठी दोन-दोनच्या जोड्या करायच्या त्या गावातल्या रिकाम्या रस्त्यावर. पुढच्याच्या मागच्या चाकापासून सुरुवातीला एक सायकलभर अंतर ठेवा. सवय होईल तसं ते अर्ध्या सायकलीवर आणा. व्यावसायिक खेळाडू चाकाला चाक लावून जातात ते बघून तसं करायला जाऊ नका. त्यांच्यासाठी रस्ता बंद केलेला असतो, आपल्या रस्त्यावर म्हैस असते. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नका. त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता दिसला पाहिजे.

आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही जाऊ देऊ नका. तो जरासा सरकला की चाकाला चाक घासतं, आणि पडतो तो मागचाच. पुढच्याला नुसता धक्का जाणवतो. असंच एक लपलेलं संकट चढावर असतं. सीटवरून उठून पेडल मारायला उभे राहता त्या क्षणी सायकल शरीराच्या मानाने वीतभर मागे येते. तुम्हाला कळतही नाही, पण मागच्याला तुम्ही ब्रेक मारल्यासारखं वाटतं. म्हणून उठण्याआधी एक गिअर जड करा, पेडल खाली जात असताना उठा आणि उठताना दाब सोडू नका. हे रिकाम्या रस्त्यावर, मागे मित्राला ठेवून दहा-वीसदा करून बघा.

पुढे असलेला माणूस म्हणजे सगळ्यांचे डोळे. त्याने ओरडायचं: ‘खड्डा!’, ‘ब्रेकर!’, ‘रंबलर!’, ‘वाळू!’, आणि मागच्याने ‘गाडी मागून!’. प्रत्येकाने आवाज पुढे किंवा मागे पोचवायचा. हात सोडता येत असेल तर खड्ड्याच्या बाजूला बोट, थांबायचं असेल तर पंजा वर. हात सोडायची खात्री नसेल तर नुसतं ओरडा. खड्डा दाखवण्याच्या नादात खड्ड्यातच जाण्यात अर्थ नाही.

आता पाळी. पुढे राहायचं दोन-तीन मिनिटं, वारा जोराचा असेल तर एकच. दमल्यावर बाजूला होणं म्हणजे उशीर झाला, दमण्याआधी व्हा. कुठल्या बाजूला व्हायचं ते निघतानाच ठरवा. शोल्डर, म्हणजे रस्त्याच्या कडेची पट्टी, स्वच्छ असेल तर डावीकडे, खडी असेल तर मागे वळून बघून उजवीकडे. बाजूला झालात की वेग किंचित कमी करा, रांग पुढे जाऊ द्या आणि शेवटच्या चाकामागे जागा घ्या. नवा पुढारी इथे हमखास चुकतो: समोर मोकळा रस्ता दिसला की त्याला चेव येतो, वेग २६ चा २९ होतो आणि नुकताच बाजूला झालेला दमलेला माणूस कायमचा सुटतो. पुढे आल्यावर वेगाचा आकडा होता तोच ठेवायचा. ज्याच्यात दम जास्त आहे त्याने जास्त वेळ पुढे राहावं, वेग वाढवू नये. ज्याच्यात कमी आहे त्याने पुढे येऊन लगेच बाजूला व्हावं, त्यात कमीपणा नाही.

वारा आडवा असेल तेव्हा आडोसा पुढच्याच्या ठीक मागे नसतो, तिरका असतो. शर्यतीत म्हणूनच तिरकी रांग दिसते. आपण ती करायची नाही, कारण डावीकडून वारा असेल तर आडोसा उजवीकडे, म्हणजे थेट ट्रकच्या लेनमध्ये असतो. अशा वेळी पाळ्या लहान करा, वेग उतरवा आणि पुढचा चहा जवळ आणा.

घाट

चढावर वेग आठ-दहावर येतो, हवेचा प्रश्न जवळपास संपतो आणि गुरुत्वाकर्षणाचा सुरू होतो. आता कुणाच्या मागे बसून फारसं काही वाचत नाही, म्हणून घाटात घोळका मोडा. प्रत्येकाने आपल्या चालीने चढायचं आणि माथ्यावर सावली बघून थांबायचं. माथ्यावर आधी पोचलेल्यांनी शेवटचा आल्याबरोबर निघायचं नाही; त्यालाही पाच मिनिटं द्या. सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते.

उतारावर दोन्ही ब्रेक वापरा. वळणाआधी वेग कमी करा, वळणात ब्रेक नको. हात खालच्या दांडीवर, बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि त्यावर वजन. नजर खड्ड्यावर ठेवली तर सायकल खड्ड्यातच जाते, म्हणून नजर वळणाच्या शेवटाकडे. आपल्या घाटांत उताराला कोपऱ्यावर खडी, गाड्यांमधून सांडलेलं ऑइल आणि माकडं, तिन्ही मिळतात. दोघांमध्ये किमान चार-पाच सायकलींचं अंतर ठेवा.

खाणं

शरीरातला साखरेचा साठा दमदार चालवताना दोनेक तासांत संपत येतो. मग पाय चालत नाहीत, चिडचिड होते, थंडी वाजल्यासारखं होतं. त्याला राइडर लोक ‘बाँक झाला’ म्हणतात. एकदा झाला की त्यातून वर यायला अर्धा-पाऊण तास जातो, म्हणून भूक लागण्याआधी खायचं. पहिल्या पाऊण तासातच सुरू करा आणि घड्याळावर दर अर्ध्या तासाला गजर लावा. ताशी ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. एक केळं, एक राजगिऱ्याचा लाडू आणि दोन-तीन खजूर एवढ्यात एक तास निघतो. परदेशी एनर्जी जेल घेतलेत तर घ्या, पण चिक्कीने काम होतं आणि ती टपरीवर मिळते. उन्हाळ्यात चिक्की खिशात चिकटते एवढाच तिचा दोष.

पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर, ऊन चढलं की जास्त. दोन बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी आणि दुसरीत ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखर. दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसणंही घातक आहे. घामातून गेलेलं मीठ परत मिळत नाही, डोकं जड होतं, मळमळतं. थांब्यावर पोहे, इडली, दहीभात, ताक, उसाचा रस (बर्फ नको). मिसळ परत आल्यावर. अर्ध्या वाटेवर कटाच्या मिसळीचं काय होतं ते पुढच्या साठ किलोमीटरमध्ये कळतं.

पंक्चर

बाभळीचा काटा गावच्या रस्त्यावर लागतो. हायवेवर खरा शत्रू म्हणजे ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेली तार. केसापेक्षा थोडी जाड, सेंटिमीटरभर लांब, शोल्डरवर विखुरलेली. ती टायरमधून आरपार जाते आणि बाहेरून दिसत नाही. ट्यूब बदलली, हवा भरली, निघालो आणि दोन किलोमीटरवर पुन्हा हवा गेली, असं झालं की समजा तार आतच आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. जुनी ट्यूब काढताना तिचा वॉल्व्ह टायरवर कुठे होता ते लक्षात ठेवा. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून गालाजवळून फिरवा, भोक सापडेल. ते वॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजून टायरवर तीच जागा शोधा. मग आतून अंगठ्याने नको, तार बोटात शिरते; रुमाल किंवा कापसाचा बोळा फिरवा. तार असेल तिथे कापूस अडकतो. चिमट्याने किंवा नेलकटरने ओढून काढा. नवी ट्यूब किंचित फुगवून बसवा, टायरची शेवटची कड हाताने चढवा (टायर उचकटायच्या लिव्हरने चढवली तर ट्यूब चिमटते) आणि हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी टायर दाबून ट्यूब कुठे अडकली नाही ना ते बघा. भोकं जोडीने, साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी असतील तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली.

प्रत्येकाकडे दोन ट्यूब, दोन लिव्हर, पॅच आणि ॲलन कीचा संच हवा. ट्यूब आपल्याच चाकाच्या मापाची आणि वॉल्व्ह रिमच्या खोलीला पुरेल एवढा लांब. हे घरी तपासा.

सराव म्हणून एक पूर्ण दिवस

पुणे–पाचगणी–पुणे हा पट्टा मला या कामासाठी उत्तम वाटतो. जाऊन-येऊन साधारण २०० भरतात, घर कुठे यावर थोडं कमी-जास्त. कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे तीन चढ मिळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम.

पहाटे पाचला कात्रजहून निघा. पुढचा-मागचा दिवा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि हेल्मेट घालून. बीआरएममध्येही यांशिवाय सुरुवात करू देत नाहीत. पहाटे कुत्री मागे लागतात. पळून जाण्यापेक्षा वेग कमी करून दरडावणं जास्त चालतं. शिरवळला नाश्ता, वीस मिनिटं, जास्त नाही. खंबाटकी उन्हाआधी चढून जायचा. सुरूरहून हायवे सोडून वाईत बाटल्या भरा आणि मग पसरणी: साधारण १२ किलोमीटरमध्ये पाच-सहाशे मीटर चढ, फार तीव्र कुठेच नाही पण संपतही नाही. साडेअकरापर्यंत पाचगणीत असलात तर दिवस हातात आहे. बाराला उतरायला लागा. परतीला खंबाटकीचा बोगदा येतो. आत शिरण्याआधी थांबून दिवे लावा, गॉगल काढा आणि सगळे एकत्र एकेरी रांगेत जा. पाचपासून साडेतेरा तास म्हणजे संध्याकाळी साडेसहा. बीआरएमची मुदत पाळायची सवय इथेच लागते.

वेळ जातो तो थांब्यांवर. पाच मिनिटांचा चहा सहा जणांत पंचवीस मिनिटांचा होतो. कुणीतरी एकाने घड्याळवाला व्हावं आणि बाकीच्यांनी त्याच्यावर चिडू नये.

अपघात झाला तर आधी मागून येणाऱ्या गाड्यांना हात करून जागा सुरक्षित करा, जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, १०८ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हाही मदतीचा नंबर आहे. आपत्कालीन फोन नंबर आणि रक्तगट कागदावर लिहून जर्सीच्या खिशात ठेवा. फोनला लॉक असतो, कागदाला नसतो.

शर्यत बघायची तर अशी

घोळक्यात चार रविवार काढले की टीव्हीवरची शर्यत वेगळी दिसायला लागते. तीन-तीन आठवड्यांच्या तीन मोठ्या शर्यती: मे महिन्यात इटलीतली जिरो दितालिया, जुलैत टूर दि फ्रान्स, ऑगस्ट-सप्टेंबरात स्पेनमधली व्हुएल्ता. प्रत्येकी २१ टप्पे, एका संघात ८ जण. टूरच्या टप्प्याचा शेवट आपल्याकडे साधारण रात्री नऊच्या सुमारास होतो. रोज पाच तास बघायची गरज नाही, शेवटचा तास पुरे.

त्या तासात नेत्याकडे बघू नका, त्याच्या संघाकडे बघा. पुढे वारा खाणारे कोण, बाटल्या आणायला मागे कोण जातंय, कुणाचे किती जण उरलेत. चार-पाच जण सकाळीच पुढे निसटलेले असतात, त्यांची आघाडी पडद्यावर दिसते. फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांच्या नावाने एक ठोकताळा सांगतात: घोळका ठरवून मागे लागला तर दर १० किलोमीटरला एक मिनिट भरून काढतो. ३० किलोमीटर बाकी आणि आघाडी दोन मिनिटांची असेल तर निसटलेले बहुधा पकडले जाणार. मात्र त्या तीस किलोमीटरमध्ये मोठा घाट असेल तर हा हिशोब लागू नाही, कारण घाटात आडोशाचा फायदा उरत नाही, आणि हे तुम्ही पसरणीत स्वतः अनुभवलेलं असतं.

वाऱ्याने टूर फिरवल्याचं उदाहरण हवं असेल तर १९८९ चा शेवटचा दिवस शोधून बघा. व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटरची एकेकट्याची वेळेविरुद्धची शर्यत. लोरां फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता आणि उघड्या डोक्याने, मागे पोनीटेल बांधून निघाला. ग्रेग लेमाँडने पुढे हात टेकायच्या दांड्या लावल्या होत्या आणि वाऱ्याला कापणारं हेल्मेट घातलं होतं. तीन आठवड्यांच्या शर्यतीअखेर लेमाँड एकूण ८ सेकंदांनी जिंकला.

आपल्याकडेही बघायला आहे. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. टूरमधली लाल ठिपक्यांची जर्सी तोच मान देते, १९७५ पासून. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय संघ पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवर धावले. अशी शर्यत रस्त्यावर जाऊन बघायची तर सपाटीवर उभे राहू नका, अख्खा घोळका काही सेकंदांत निघून जातो. घाटाच्या वरच्या भागात, वळणाच्या आतल्या बाजूला जागा धरा. तिथे खेळाडू एकेक करून, तोंडं वाकडी करत येतात आणि कोण कुणाच्या चाकाला चिकटलंय ते वाचता येतं. रस्ता बंद व्हायच्या तासभर आधी सायकलनेच पोचा. मुलांचा हात धरून ठेवा. मोबाइल रस्त्याच्या रेषेच्या पुढे काढू नका: २०२१ च्या टूरच्या पहिल्याच टप्प्यात एका प्रेक्षकाने कॅमेऱ्याकडे तोंड करून पुठ्ठ्याचा फलक रस्त्यात धरला, आणि त्यावर एक जण आदळला तसा मागचा निम्मा घोळका जमिनीवर आला.